पहिला उद्गार

येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी पहिल्या, क्षमेच्या उद्गारावर रावसाहेब साळवे दर शुभ शुक्रवारी बोलत. ऐरोलीच्या त्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत त्यांच्याइतकं डोळ्यांत पाणी आणणारं दुसरं कोणी बोलत नसे. यंदा मात्र आठवडाभर बसूनही कागदावर एक ओळ उतरेना.

कारण त्यांना ठाऊक होतं. रविवारी दिघ्याच्या बाजारात त्यांना शिवराम दिसला होता, काठी टेकत, एक पाय ओढत चाललेला.

बारा वर्षांपूर्वी दोघं महाप्याच्या एका केमिकल कारखान्यात एकाच पाळीला होते. रावसाहेबांकडून एक व्हॉल्व्ह उघडा राहिला. ॲसिड सांडलं, वाफेने गुदमरून ते तिथेच कोसळले. सगळे बाहेर पळाले, शिवराम तेवढा आत शिरला. त्यांना फरफटत बाहेर काढताना त्याचं उजवं पाऊल भाजून निघालं. तो हॉस्पिटलात असतानाच चौकशी झाली आणि साहेबांपुढे रावसाहेबांच्या तोंडून नाव निघालं ते शिवरामचं. त्याची नोकरी गेली. रावसाहेब पुढे सुपरवायझर झाले.

शुक्रवारी सकाळी ते दिघ्याला गेले. शिवराम दारातच बसला होता. रावसाहेबांनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं आणि हात जोडले.

शिवरामची बायको भागीरथी आतून तरातरा आली. "बारा वर्सं आमी लोकांची बोलणी खाल्ली, आन् तुमी आज हात जोडताय व्हय?"

शिवरामने तिला हाताने थांबवलं. मग म्हणाला, "माझ्याफुडं कशाला बोलता? व्हॉल्व्ह कुनाचा व्हता ते मला म्हाईतच हाय. ज्यांच्याफुडं खोटं बोललात, त्यांच्याफुडं बोला."

दुपारी चर्चमध्ये रावसाहेब व्यासपीठावर चढलेच नाहीत. खाली, बाकांसमोर उभे राहिले.

"प्रभूने माझ्यासाठी जीव दिला म्हणून मी दरवर्षी इथे आभार मानतो," ते म्हणाले. "शिवराम नावाच्या माणसाने माझ्यासाठी पाय दिला. त्याचे आभार तर सोडाच, मी त्याच्यावर आळ घेतला." घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं. त्या दिवशी कोणी डोळे पुसले नाहीत. त्यांची बायकोसुद्धा घरी जाताना चार पावलं पुढे चालत होती.

सोमवारी पाळी बदलताना त्यांनी कारखान्याच्या गेटवर कामगारांना गोळा करून तेच सांगितलं आणि लेखी जबाब ऑफिसात दिला. निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांना घरी बसवलं गेलं. शिवरामवरचा ठपका काढल्याचं पत्र त्याच्या घरी पोचलं; नोकरी काही परत मिळाली नाही.

शिवरामच्या पायाची जखम उन्हाळ्यात पुन्हा चिघळली, तेव्हा त्याला रिक्षाने दवाखान्यात न्यायचं काम रावसाहेबांनी मागून घेतलं. भागीरथी त्यांच्याशी बोलत नसे, फक्त दार उघडून द्यायची. एका मंगळवारी दवाखान्यात गर्दी होती. नर्स रावसाहेबांना म्हणाली, "आजोबा, पट्टी जरा सोडून ठेवता का?"

रावसाहेब फरशीवर गुडघे टेकून बसले. त्या वाकड्या, काळवंडलेल्या पावलाकडे एवढ्या जवळून त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आजवर प्रार्थनेत त्यांना शब्द कमी पडले नव्हते. आता एकही सुचेना, पण मान आपोआप खाली गेली.

"हळू की वो," शिवराम कळवळला. तोल सावरायला त्याने हात पुढे केला आणि रावसाहेबांच्या खांद्यावर ठेवला. पट्टी सुटेपर्यंत तो हात तिथेच होता.