शिवड्याने ओढलेली काहील

मित्रांनो, कृष्णेच्या काठावर करंजाच्या सावलीत पडलेली गंजकी, गोल काहील तुम्ही पाहिली असेल. ती मीच. कराडच्या लोहाराने पत्रे ठोकून मला घडवले. माझा जन्म पाण्यासाठी नव्हे, विस्तवासाठी. गुऱ्हाळाच्या चुलवाणावर बसून कित्येक हंगाम मी उसाचा रस उकळला. गुळाला रंग चढला की लोक माझेही कौतुक करीत. पुढे तळ जळून भोक पडले आणि मालकाने मला उकिरड्याजवळ टाकले.

तिथून मला मासेमारी करणाऱ्या केरबा भोयाने नेले. भोकावर पत्रा ठोकून, डांबर फासून त्याने मला नदीत सोडले. आमच्याकडे जुन्या काहिलीचीच होडी करतात. तिला ना पुढचे टोक, ना मागचे. जरा कलली की बुडालीच. पण केरबा मधोमध उकिडवा बसला, की मी पाण्यावर ताटासारखी स्थिर राहायची.

ते लढाईचे दिवस होते. केरबाचा मुलगा नाथाजी पलटणीबरोबर दूर देशी गेला होता. केरबाचे वय झाले होते, हाताला कापरे भरत होते. त्या उन्हाळ्यात डोहात एक प्रचंड शिवडा आला. लांब मिशांचा, माणसाएवढा मासा! त्याने केरबाच्या पुतण्याचे, गुंडाचे, नवे जाळे फाडले.

“काका, त्यो तुमच्यानं न्हाई व्हायचा,” गुंडा म्हणाला. “तुमी आता काठावर बसा. डोह मी संबाळतो.”

केरबाची बायको राहीबाईही कळवळून म्हणाली, “आवं, पोरगं तिकडं लढाईत, तुमी हितं पाण्यात. मी कुणाकुणाचा घोर करू?”

“डोह सोडून घरात काय करू गं?” एवढेच केरबा बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने गळाला बेडूक लावला आणि दोरी सोडली. ऊन चढले तसा असा हिसका बसला, की मी भोवऱ्यासारखी गरगरले. शिवडा आम्हाला ओढत निघाला. केरबाने पटका सोडून तळहाताला गुंडाळला. मासा पळाला की तो दोरी सैल सोडी, दमला की वितीवितीने ओढून घेई. पटका रक्ताने भिजला. आणि नवल सांगते, भाकरी मोडताना कापणारा तो हात त्या वेळी मुळीच कापत नव्हता.

“लय दांडगा हायेस गड्या,” तो माशाला म्हणाला. “पर मीबी भोई हाय.”

तेवढ्यात मी खडकावर आदळले. ठिगळ उचकटले, पाणी आत आले. आता मात्र मला धडकी भरली. केरबाने एका हाताने दोरी धरली, दुसऱ्याने तो करवंटीने पाणी उपसू लागला. दोरी सोडली असती तर जीव सहज वाचला असता. त्याने ती सोडली नाही.

अखेर शिवडा थकून पांढरे पोट दाखवत वर आला. काठ जवळ होता, पण मी निम्मी भरले होते आणि मासा आत घ्यावा तर मी उलटणार.

“आगं ए!” केरबाने हाक दिली.

काठावर धुणे टाकून राहीबाई धावली. लुगड्याचा ओचा खोचून ती कंबरभर पाण्यात शिरली आणि माशाच्या कल्ल्यात तिने हात घातला. “वडा आता! बगत काय बसलाय?” ती ओरडली. दोघांनी मिळून तो मासा वाळूवर घेतला, मगच मला ओढले.

त्या दिवशी भोईगल्लीत घरोघर कालवण शिजले. केरबाला घास उचलवेना, म्हणून राहीबाईने भरवला. दुसऱ्या दिवशी गुंडा डांबर घेऊन आला. माझे ठिगळ बसवता बसवता म्हणाला, “काका, डोहात जाताना मला हाक मारा.”

केरबा पुढे आणखी काही वर्षे डोहावर गेला. आता तो नाही. माझ्यात पावसाचे पाणी साचते, तळ झिजत चालला आहे. मित्रांनो, जाता जाता मला तेवढी उपडी करून ठेवा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला “आता तुमच्याने होत नाही” असे म्हणावेसे वाटले, तर आधी राहीबाईसारखे कंबरभर पाण्यात उतरा आणि त्याच्या शेजारी उभे राहून बघा.