तीन सिलिंडरांवर

पिस्टन जिच्यात वरखाली होतो ती नळी, म्हणजे स्लीव्ह, नवी असली की ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ठोकून बसवायची असते. वर लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि हातोडा बेतानं चालवायचा. सुकदेवनं ठोकळा हातात घेतला, स्लीव्ह भोकावर धरली, आणि ती त्याच्या हातातून सुटून सरळ आत गेली. वरच्या कॉलरवर अडकली तेवढीच. त्यानं बोटानं ढकलली तशी ती खुळखुळ वाजली.

पुष्पाबाई निंबाखाली कळशी घेऊन उभी होती. भावाचा चेहरा बघूनच तिला समजलं.

‘काय व्हयनं?’

‘अक्का, ढिली शे.’ त्यानं दुसरी उचलली, दुसऱ्या भोकात सोडली. मग तिसरी. मग तो खालीच बसला. ‘बठ्ठ्या ढिल्या शेतस.’

ट्रॅक्टर अभिमननं, तिच्या नवऱ्यानं, धुळ्याहून आणला होता. परदेशी बनावटीचा, राखाडी रंगाचा, आणला तेव्हाच म्हातारा. अभिमन गेल्याला दोन पावसाळे झाले. दीर रुपचंद तेव्हापासून सांगत होता, वहिनी, बाग भागानं दे, बाईमाणसाला केळी झेपत नाही. तिनं दिली नाही. चोपड्याच्या पुढची ही काळी जमीन, विहिरीला पाणी, आणि बागेत या वर्षी घड असे धरले होते की खोडांना बांबूचे टेकू द्यावे लागले.

मग ऐन मे महिन्यात विजेची डीपी जळाली आणि विहिरीवरची मोटार बंद पडली. नवी कधी येईल ते कोणी सांगेना. तिनं ट्रॅक्टर विहिरीवर लावला, पट्ट्यावर पंप जोडला आणि दिवसभर चालवला. इंजिन तापलं. थांबवावं हे तिला कळत होतं, पण पाणी बागेच्या मध्यापर्यंत आलं होतं. आणखी दोन सऱ्या, आणखी दोन सऱ्या असं करता करता इंजिन कर्रकन ओरडलं आणि जागीच बसलं. एक पिस्टन स्लीव्हला चिकटून ओरबाडला होता, स्लीव्ह उभी तडकली होती.

सुकदेव हा तिचा धाकटा भाऊ. फैजपूरला एका गॅरेजात काम करायचा. निरोप मिळताच आला. पिस्टनच्या डोक्यावरची काजळी त्यानं खरवडली, तेव्हा खाली तीसचा आकडा निघाला. म्हणजे मूळ मापापेक्षा तीस थाऊ मोठा पिस्टन. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा हिस्सा, हे त्यानंच तिला सांगितलं. तो म्हणाला, तीसचा माल शोधत कुठे फिरायचं, जुन्या चारही स्लीव्ह काढून टाकू, सगळा सेट नवा स्टँडर्ड, मूळ मापाचा, घालू. तिला पटलं. कोणालाही पटलं असतं. जुन्या स्लीव्ह घट्ट होत्या, म्हणून त्यानं छिन्नीनं फोडूनच काढल्या. आणि आता नव्या ढिल्या.

‘म्हणजे भोकंच मोठी केलेली आहेत,’ तो जमिनीकडे बघत म्हणाला. ‘कोणीतरी ब्लॉक बोर करून बाहेरून जाड स्लीव्ह बसवल्या होत्या. पिस्टनवरचा आकडा आतलं माप सांगतो, बाहेरचं सांगत नाही. मी फोडायच्या आधी मोजायला पाहिजे होतं, अक्का. एकच तडकली होती. तीन चांगल्या होत्या.’

तिनं कळशी खाली ठेवली. बोलली असती तर तोंडातून काय निघालं असतं याची तिलाच भीती वाटली. बागेकडे बघायचं तिनं टाळलं, तरी दिसायचं ते दिसलंच. पानं देठापाशी मोडून खोडाला लोंबत होती. कडेच्या ओळीतला एक घड दांड्यासकट खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी ब्लॉक टेम्पोत घालून ती दोघं जळगावला गेली. टर्नरनं, लेथवरच्या कारागिरानं, भोकात मापाचं गेज घालून बघितलं आणि मान हलवली. एवढ्या मोठ्या मापाच्या स्लीव्ह या इंजिनाला आता मिळत नाहीत, म्हणाला. ओतीव नळ्या आणून लेथवर बनवता येतील, पण लग्नसराईत माणसं नाहीत, पंधरवडा धरा.

‘पंधरवड्यानंतर मले त्यानं काय करनं शे?’ पुष्पाबाई म्हणाली. आवाज चढला नाही, पण टर्नरनं हातातलं काम थांबवलं.

‘बाई, हे काम पहिल्यांदा कोणी केलं? त्याच्याकडे उरलंसुरलं असेल तर बघा.’

तिला आठवलं. अभिमन पुना मिस्तरीचं नाव घ्यायचा. धुळ्यात, नदीच्या बाजूला, जुन्या मोटारींच्या दुकानांच्या रांगेत कुठेतरी. बरोबर आणलेल्या मोडक्या सामानातला एक जुना पिस्टन तिनं पिशवीत घातला. मग फुटलेल्या स्लीव्हचा एक लांबट तुकडाही घातला. का, ते तिला सांगता आलं नसतं. इंजिनातलं जे मिळेल ते बरोबर असावं, एवढंच. सुकदेव निघू लागला तर तिनं त्याला थांबवलं.

‘तू ब्लॉकजवळ बैस. कोणी हलवाले नको.’

त्याला बरोबर नेलं असतं तर वाटेत ती त्याला टोचून बोलली असती, आणि तो आधीच अर्धा झाला होता.

एसटीत पिशवी मांडीवर घेऊन ती बसली. खिडकीतून भट्टीसारखी झळ येत होती. पारोळ्याजवळ बस बंद पडली आणि सगळे उतारू रस्त्यावर उभे राहिले. बाभळीच्या काटेरी सावलीत उभी असताना तिच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट येत होती: पुना मिस्तरी मेला असेल. दुकानावर कुलूप असेल. मग रुपचंद बांधावर येईल आणि काही न बोलता नुसता उभा राहील.

पुना जिवंत होता. एका डोळ्यात मोतीबिंदू, पाय सुजलेले, दुकानाच्या पायरीवर बसून कुणाचं तरी कार्बुरेटर साफ करत होता. अभिमनचं नाव सांगितल्यावर त्यानं हात पुसले.

‘राखाडी गाडी. लंबा, गोरा माणूस. कसा शे तो?’

‘नहीत आते.’

त्यानं कार्बुरेटर बाजूला ठेवलं. भावानं जुन्या स्लीव्ह फोडल्या आणि नव्या ढिल्या निघाल्या ते तिनं सांगितलं, तेव्हा त्यानं पिशवीकडे बोट केलं. पिस्टन बघितला, आकड्यावरून अंगठा फिरवला, बाजूला ठेवला. तुकडा मात्र त्यानं उन्हात धरला, मायक्रोमीटर काढला, आणि चांगला डोळा जवळ नेऊन जाडी मोजली.

‘हाई मनंच काम शे. ब्लॉक आतून खराब व्हता, म्हणून मी मोठा बोर करा, जाड स्लीव्ह बसाडी. ब्लॉकवर आकडा माराले पाहिजे व्हता. मी नही मारा.’ तुकडा त्यानं तिच्याकडे दिला. ‘तुना भाऊनी चूक नही.’

त्या वाक्यानं तिचा धीर सुटला. पदर तोंडाला लावून ती तिथेच, त्या तेलकट फरशीवर बसली आणि रडली. अभिमन गेल्यावरही ती अशी परक्या माणसासमोर रडली नव्हती. पुना कुठे बघावं ते न कळून आत गेला, आणि बराच वेळ आत डबे सरकवल्याचे आवाज येत राहिले.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात ग्रीस लावून कागदात गुंडाळलेल्या स्लीव्ह होत्या. त्याच वेळी दुसऱ्या एका गाडीसाठी त्यानं त्या बनवल्या होत्या, बाहेरून जाड, आतून तीसच्या मापाच्या. ती गाडी नंतर भंगारात गेली. त्यानं मोजून एकेक तिच्यासमोर ठेवली. तीन होत्या.

‘चौथी?’

‘चौथी मनाकडून पडनी. फुटनी.’

चार सिलिंडर आणि तीन स्लीव्ह. तिला हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं.

‘ऐक,’ पुना म्हणाला. ‘तीनवर चालव.’

त्यानं सगळं समजावलं आणि तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. खराब सिलिंडरातला पिस्टन आणि रॉड काढून टाकायचा. पिस्टनचे रॉड ज्या दांड्याला जोडलेले असतात त्या क्रँकवरचं तेलाचं छिद्र रबर आणि पट्टी आवळून बंद करायचं, नाहीतर तेलाचा दाब राहणार नाही. त्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हचे दांडे काढायचे, डिझेलची नळी डब्यात सोडायची. इंजिन थरथरेल, नांगर ओढणार नाही, पण हळू चालवलं तर पंप ओढेल. जुने तीन पिस्टन चांगले असतील तर तेच घाल, पिस्टनवरच्या रिंगा मात्र तीसच्या नव्या. त्या त्यानं शेजारच्या दुकानातून स्वतः जाऊन आणल्या.

सुकदेवला हे सांगितलं तेव्हा त्यानं आधी मान हलवली. असं इंजिन त्यानं कधी चालवलं नव्हतं.

‘क्रँक तुटी जाई, अक्का.’

‘तुटू दे. असंही बंदच शे.’

टर्नरनं स्लीव्ह दाबून बसवल्या. या वेळी त्या सहज आत गेल्या नाहीत, आणि सुकदेवनं श्वास सोडलेला तिला ऐकू आला. शेतावर आल्यावर त्यानं इंजिन जोडलं, रबराची पट्टी दोनदा सोडून पुन्हा आवळली, आणि हँडल मारलं. इंजिन लंगडं चाललं. तीन ठोके आणि एक रिकामी जागा, तीन ठोके आणि एक रिकामी जागा. बोनेट थडथडत होतं, चाकांखाली लावलेले दगड सरकत होते. पण पट्टा फिरला, आणि पाटात पाणी आलं. नेहमीच्या अर्ध्याहून थोडं जास्त.

एवढ्या पाण्यात सगळी बाग भिजणार नव्हती. ती पाटाच्या फाट्यावर फावडं घेऊन उभी राहिली. वरच्या अंगाला नवी लागवड होती, कोवळी, अजून न व्यालेली, घड न धरलेली, पुढच्या सालची. खालच्या अंगाला घड. तिनं वरच्या पाटाचं तोंड मातीनं बुजवलं. फावड्यानं थोपटून घट्ट केलं, म्हणजे पुन्हा मन झालं तरी सहज उघडता येऊ नये.

रुपचंद बांधावर आला. लंगड्या इंजिनाकडे बघितलं, मग वरच्या कोमेजलेल्या रोपांकडे.

‘वहिनी, एवढी सोडी दिधी?’

‘हो,’ ती म्हणाली.

त्यानं बुजवलेल्या पाटाकडे एकदा बघितलं. निघून गेला.

इंजिन डीपी बसेपर्यंत चाललं. सुकदेव फैजपूरला परतला नाही. दिवसभर इंजिनाजवळ बसायचा, ठोका बदलला की धावत उठायचा, पत्र्याच्या डब्यानं रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा. खालच्या अंगातले बरेचसे घड तगले, भरले मात्र नाहीत. वरची लागवड पूर्ण गेली. पाऊस पडल्यावर पुष्पाबाईनं ती वाळलेली रोपं स्वतःच उपटली. सुकदेव मदतीला आला तेव्हा तिनं त्याला शेजारची ओळ दिली.