थेक्ला वेंड्रिख चेलो वाजवते

लाइपझिगला फॉन लोसाऊबाईंच्या दिवाणखान्यात रविवारी दुपारी आमचं त्रिकूट वाजवणार होतं. पियानोवर मी, व्हायोलिनवर म्हातारे काल्बेकाका आणि चेलोवर वेंड्रिख. शुक्रवारी वेंड्रिख बर्फावरून घसरले, मनगट मोडलं. त्यांच्या जागी त्यांची मुलगी थेक्ला आली. बापाच्या शिष्यांना सहा वर्षं खरं तर तीच शिकवत होती.

बाईसाहेबांनी तिच्या हातातला चेलो पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "अगं, तू वाजवणार? तो गुडघ्यांत धरून? माझ्या पाहुण्यांसमोर?"

"दुसरीकडे कुठं धरतात, मला ठाऊक नाही."

"दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बस."

"मग गज तारांवर सरळ पडत नाही, बाईसाहेब."

"तर पडद्यामागे बस. लोकांना सूर ऐकायचेत, तू नव्हे."

नोकरांनी रेशमी पडदा आणून उभाही केला. मी म्हटलं, "मीही बाईच आहे, मला नको का पडदा?"

"तुझं काय, अल्बेर्टीना! तू शहाण्या मुलीसारखी पाय जुळवून बसतेस."

काल्बेकाका खो खो हसले. थेक्ला हसली नाही. तिनं खुर्ची उचलली, पडद्याला वळसा घालून थेट पहिल्या रांगेपुढे मांडली, झगा सावरला आणि चेलो गुडघ्यांत घेतला. तिचे कान लाल झाले होते.

"काका, सूर द्या," ती म्हणाली.

पहिला भाग संपतो न संपतो तोच दोन बायका नवऱ्यांना ओढत उठल्या. दुसरा भाग चेलोच्या एकट्या सुरानं सुरू होतो. माझे हात मांडीवर होते. थेक्लानं तो सूर इतका सावकाश, इतका भरून ओढला की दाराशी पोचलेला एक नवरा तिथंच थबकला. बायको बाही ओढत राहिली. तो शेवटपर्यंत उभा होता.

टाळ्या थांबल्यावर बाईसाहेब कुजबुजल्या, "पुन्हा या घरात नाही."

"बरं," थेक्ला म्हणाली, आणि आम्हा तिघांच्या वतीनं पुन्हा एकदा वाकून नमस्कार केला.

पुढच्या रविवारी आम्ही काल्बेकाकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तीच रचना वाजवली. वेंड्रिख मोडका हात गळ्यातल्या झोळीत अडकवून पलंगावर बसले होते. ऐकायला आलेल्यांना जागा पुरेना, म्हणून दार उघडं ठेवलं. लोक खाली जिन्यापर्यंत बसले.