खालच्या गावांची माणसं

भोंगा धंद्याने न्हावी. पण सामन्याला बाकावरून एकदा त्याने आरोळी ठोकली की समोरच्या गोलकीपरच्या काळजात धस्स व्हायचं. त्यावरून पडलेलं हे नाव इतकं चिकटलं, की बायकोही त्याला त्याच नावाने हाक मारायची.

गिरणी बंद पडली, तरणी माणसं पोटामागे बाहेर गेली आणि फुटबॉल क्लबची बाकं ओस पडायला लागली. तेव्हा क्लबच्या नव्या मालकांच्या व्यवस्थापक बाई स्वतः त्याच्या दुकानात आल्या.

“गाव आटत चाललंय,” त्या म्हणाल्या. “क्लब वाढायचा असेल तर नदीकाठच्या खालच्या गावांतून माणसं यायला हवीत. आमचं कोण ऐकतंय? तुमचं ऐकतील.”

भोंगा हुरळून गेला. सुट्टीच्या दिवशी तो खालच्या गावांत जायचा, चौकात खुर्ची टाकून फुकट केस कापायचा आणि कापता कापता क्लबच्या गोष्टी सांगायचा. गिऱ्हाइकाची मान एकदा हातात आली की ते पळणार कुठे? हळूहळू माणसं येऊ लागली. आधी चार टाळकी, मग बसगाड्या भरभरून. संघही जिंकायला लागला. भोंग्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

त्याचा थोरला भाऊ मैदानाची देखभाल करायचा. एकदा जेवताना तो म्हणाला, “गवताचं बी मागितलं, तर म्हणाले, यंदा राहू दे. छप्पर गळतंय, तेही राहू दे. मला काही बरं लक्षण दिसत नाही.”

“दादा, तुला भरल्या ताटात केसच दिसायचा,” भोंगा हसला. दादा हसला नाही.

पुढच्या सामन्याला खालच्या गावची बेकरीवाली त्याच्याशेजारी बसली होती. ती मायेने म्हणाली, “पुढच्या मोसमात तुमचीच दगदग होणार हो! पण उतरायला हक्काने आमच्याकडे यायचं.”

“कुठे उतरायला?”

तिने जीभ चावली आणि नजर मैदानाकडे वळवली.

भोंगा तडक बाईंच्या खोलीत गेला. टेबलावर नव्या स्टेडियमची पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. शेजारून नदी आणि रुंद हमरस्ता. इथे नदी होती, पण हमरस्ता नव्हता; तो खालच्या गावांवरून जायचा.

“आता निम्म्याहून जास्त प्रेक्षक तिकडचे आहेत,” बाई शांतपणे म्हणाल्या. “मालकांची हिंमत होत नव्हती. तुम्ही गर्दी आणून दाखवलीत. एवढ्यात बोलू नका कुठे. तुमची पहिल्या रांगेतली जागा पक्की.”

तो कुणाजवळही बोलला नाही. दुकानात लोक गळा त्याच्या वस्तऱ्याखाली देऊन पुढच्या मोसमाचे मनोरे रचायचे आणि तो मान डोलवायचा. दादाने विचारलं, “झोप लागत नाही का रे?” तर म्हणाला, “उकडतंय.”

मोसमाच्या शेवटच्या सामन्यानंतर बाईंनी माईकवरून जाहीर केलं, की क्लब आता खालच्या गावांत हलणार. खालची माणसं उड्या मारू लागली. गावची बाकं जागच्या जागी थिजली.

“आणि ज्यांच्यामुळे हे शक्य झालं,” बाई म्हणाल्या, “ते आपले लाडके भोंगा!”

बाकांवरची तोंडं एकेक करून त्याच्याकडे वळली. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुकानाची पायरी कुणी चढलं नाही. दुपारी जुने मास्तर आले, पण खुर्चीत बसले नाहीत. “दुकान बंद कर आणि काही दिवस बायकोच्या माहेरी जा,” ते दारातूनच म्हणाले. “लोकांची डोकी ठिकाणावर नाहीत.”

भोंगा गेला नाही. त्याने आरसे पुसले, कात्र्या मांडल्या आणि तो उभा राहिला.

संध्याकाळी ते आले. सगळे ओळखीचे, सगळ्यांची डोकी त्याच्याच हाताखालून गेलेली. कुणी काचेला हात लावला नाही. भिंतीवर क्लबचे फोटो होते, घराघरांतून लोकांनी आणून दिलेले. ज्याने त्याने आपापला फोटो खिळ्यावरून काढला, काखोटीला मारला आणि चालू लागला.

“अरे, ऐका तरी!” भोंगा म्हणाला. त्याचा आवाज दारापर्यंतही पोचला नाही.

शेवटी एकच फोटो उरला. संघाबरोबर उभे असलेले वडील. दारात दादा उभा होता.

“तुला माहीत होतं?” त्याने विचारलं.

भोंग्याने मान खाली घातली.

दादाने तो फोटो काढला, बाहीने त्यावरची धूळ पुसली आणि दार ओढून घेत तो निघून गेला.