एकाच नळीचं खोकं

मी गप्प बसलो म्हणजे नाही. माझ्या घरात हे सगळ्यांना पाठ आहे. एकदा विचारायचं, मी बोललो नाही तर विषय संपला. पुन्हा विचारणाऱ्याची मी गय करत नाही. काय मोठेपणा वाटायचा मला याचा! आता हे सांगायची लाज वाटते.

मी बयूमी, सुतारकामातला उस्ता. नाईलकाठच्या इम्बाबा वस्तीतल्या कुठल्याही गल्लीत लग्नाचा मांडव उभा राहिला की स्पीकरचं खोकं माझ्या हातचं. मोजमाप कुणीही करतो, पण खोकं जुळवावं ते उस्ता बयूमीच्या कानानं, असं लोकच म्हणायचे. मग स्वतःच्या पोरीच्या लग्नात कसलं खोकं हवं? शुरूक माझी एकुलती एक, आईवेगळी. गुरुवारी तिचं लग्न, माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलाशी, हिलालशी. आवाज नाईलच्या पलीकडे गेला पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

अठरा इंची स्पीकर, जाड प्लाय, आतले सांधे घट्ट बुजवलेले. समोर एक भोक आणि त्यात आत जाणारी नळी. अशा खोक्याचा सगळा जीव त्या नळीत. कोंडलेली हवा तिच्यातून येजा करते आणि खालचा सूर घुमतो. लांबी चुकली की घुमणं जातं, नुसता दणदणाट उरतो.

"दोन नळ्या टाक," आमचा वायरमन अत्वा म्हणाला.

दोन टाकल्या तर दोन्ही लांब लागतात. खोकं आणखी खोल करावं लागतं आणि मग ते दुकानाच्या दारातून बाहेर निघत नाही. अरुंद असली तर एकच आखूड नळी पुरते. मी एकच टाकली.

"अरे, एवढ्याशा भोकातून एवढी हवा? फुसफुसेल ते."

"तू तारा जोड. कान माझा आहे ना? मी बघतो."

मंगळवारी दुपारी खोकं लावलं. छातीत धडधडलं, फळीवरचे खिळे नाचायला लागले. मी खूश! अत्वाचं तोंड मात्र वाकडं.

"फुसफुसतंय."

"कुठे?"

"कुठे काय कुठे! नळीतून. सापासारखं."

"जळतोस मेल्या माझ्यावर."

तेवढ्यात समोरच्या टपरीवरून चहावाली उम्म हाशिम ओरडली, "काय हो उस्ता, कुणाच्या टायरची हवा चाललीय?"

ती रस्त्यापलीकडे, आणि मी नळीपासून वीतभर. गुडघे टेकून कान नळीला लावला. वारा गालाला लागत होता, फुसफुस ऐकू येत नव्हती. मेणबत्ती पेटवून धरली, फट्कन विझली. एवढा वारा सुटला की नळी फुसफुसणारच. हे मीच अत्वाला शिकवलेलं, वीस वर्षांपूर्वी.

अत्वानं खोकं बंद केलं. "पाठ फिरव बरं जरा."

"काय पोरखेळ लावलायस!"

"फिरव म्हणतो ना."

मी पाठ फिरवली. भिंतीकडे बघत उभा राहिलो. बराच वेळ झाला.

"अरे, बोल की!"

"बोललो," अत्वा ओरडला. "तीनदा बोललो. तिसऱ्यांदा तर तुला शिवी घातली."

उम्म हाशिम हसत हसत रस्ता ओलांडून आली होती. तिचं हसू तिथल्या तिथे गेलं. "या अल्ला," म्हणाली आणि माझ्यावरची नजर काढून घेतली. मी त्या खोक्यावर बसलो. दोन वर्षं मी जगाला शिव्या देत होतो, हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून. टीव्हीवाल्यांना, दुकानदारांना, मशिदीतल्या नव्या इमामाला. सगळे नीटच बोलत होते! बारीक आवाज माझ्या कानापर्यंत पोचत नव्हते, समोरच्याचे ओठ बघून मी भागवत होतो.

दारात भांडं आपटल्याचा आवाज आला. तो मात्र मला ऐकू आला. शुरूक माझ्यासाठी कोशरी घेऊन आली होती. भात, मसूर, कांदा, सगळं उंबऱ्यात सांडलं होतं. कधीपासून उभी होती कोण जाणे. चेहरा पांढराफटक.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. एवढ्या मोठ्यानं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. "नळी चिकटवत होतात त्या दिवशी मी इथे आले होते. आठवतंय?"

"तू? कधी?"

"तुमच्या मागे उभी होते. मी बोलले तुमच्याशी."

आमच्यात मुलगी लग्नाचं बापाच्या तोंडावर बोलत नाही. आई असली तर आईकडून निरोप येतो. आई नसली तर बाप कामात असताना पाठीमागून, हळूच.

"तुम्ही वळलासुद्धा नाहीत. घासत राहिलात. मला वाटलं, गप्प बसलात म्हणजे..."

मला सगळं कळलं आणि काहीच कळलं नाही. तीन आठवडे पोर माझ्या समोर जेवत होती, मेंदीवाली ठरवत होती, बहिणीच्या घरच्यांना चहा देत होती. मी तिला "नाही" म्हटलंय असं समजून!

"काय बोललीस?" माझा आवाज फाटला. "समोर ये. इथे, माझ्या तोंडासमोर. पुन्हा बोल."

ती कोशरी तुडवत आली. माझ्या डोळ्यांत बघून एकेक शब्द बोलली.

"मला हिलालशी लग्न करायचं नाही. मी मेले तरी नाही."

हे शब्द ती एकदा माझ्या पाठीला सांगून गेली होती. गुरुवारी मी तिला त्या मांडवात बसवणार होतो आणि वरून हे खोकं वाजवणार होतो.

अत्वा खाली बघत स्क्रूड्रायव्हर फिरवत होता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "दुसरी नळी बसवू का? वेळ आहे अजून."

"तारा काढ," मी म्हणालो. "गुरुवारी हे वाजणार नाही."

चपला घातल्या आणि शुरूकचा हात धरून बहिणीच्या घराकडे निघालो. माझी बहीण रागावली की अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलते. तिचं मला सगळं ऐकू येणार होतं.