हळदीकुंकवाला आलेली

रंजिताच्या मांडीवरची ती हिरवी डबी मनस्विनीनं ओळखली, आणि ओळखल्याचं चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ती उगाच वहीत बघत राहिली. तसल्या दोन डझन डब्या तिनंच मागच्या आठवड्यात जयनगरच्या बाजारातून आणल्या होत्या — आईच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, वाण म्हणून. दुकानात अशा शेकडो असतील... पण हिच्या झाकणाला हळदीचं बोट लागलं होतं.

"काल तुमच्या घरी जाऊन आले, अक्का," रंजिता म्हणाली. "मराठी मंडळाच्या ग्रुपवर बोलावणं होतं की. आई स्वल्प थकल्यात, नाही? मला अगदी देवघरापर्यंत नेलं त्यांनी."

काल संध्याकाळी मनस्विनी इथंच, क्लिनिकमध्ये होती. दारात आलेल्या मराठी मुलीला आईनं कोण, कुठली विचारलंही नसणार. बंगळुरात आपलं माणूस भेटलं की आईला त्याला कुठं ठेवू नि कुठं नको असं होतं. पण आईला काय बोल लावायचा? सहा महिन्यांपूर्वी समुपदेशनाच्या पहिल्याच तासाला ही बेळगावची पोर इंग्रजीत अडखळून रडायला लागली, तेव्हा "मराठीत बोल गं" म्हणणारी कोण होती? व्यक्तिमत्त्व विकाराच्या रुग्णाशी मर्यादा कशा सांभाळायच्या हे विद्यार्थ्यांना शिकवणारी ही एवढी शिकलेली बाई... अक्का म्हणवून घेत बसली, गोड वाटलं म्हणून.

आज सांगायलाच हवं होतं. पण दिवाळीत एक तास रद्द केला, एवढंच, तर रंजितानं झोपेच्या गोळ्या घेतल्या होत्या. आजही ही इथून उठून गेली आणि...  मनस्विनीला भीती वाटत होती, साधी, लहान मुलासारखी.

"रंजिता, तू घरी यायला नको होतंस. पुन्हा येऊ नकोस. इथं मात्र दर बुधवारी मी असेन."

रंजिताचं हसू थांबलं. "म्हणजे तुम्ही पण सोडणार मला."

"नाही."

"सरी, ठीक आहे. मग मीच जाते. दुसरं कुणीतरी बघते." तिनं पर्स उचलली.

"स्वतःला काही करून घेणार आहेस का?"

"नाही हो. तुमच्यासाठी कशाला करू?"

ती खरं बोलत होती. मनस्विनीला आता तिचं खरंखोटं कळत असे. म्हणजे भीती उतरायला हवी होती. ती वाढलीच — ही खरंच गेली तर? दुसऱ्या कुणाला अक्का म्हणाली तर? 'जाऊ नकोस' हे शब्द ओठांपर्यंत आले... आपलं माणूस सोडून जाईल ही जी भीती सहा महिने ती रंजिताची म्हणून समजावत आली होती, ती तिच्याच छातीत धडधडत होती, आणि दाराशी थांबलेली रंजिता तिच्याकडे टक लावून बघत होती.