उंबऱ्याच्या आत

माझी सासू जनी हट्टी आहे, हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं. पनवेलच्या मासळी बाजारात तिच्याशी घासाघीस करायला भलेभले कचरायचे. पण खुब्याचं हाड मोडून, ऑपरेशन होऊन, सगळं नीट जुळून आल्यावर ही बाई घराच्या दारातच अडून बसेल, असं काही वाटलं नव्हतं.

बाजारातच घसरली ती. खाली बर्फाचं पाणी, खवले आणि त्यात तिची नेहमीची घाई. तिचं घर गावात, खाडीकाठी, पायऱ्या उंच. म्हणून ऑपरेशननंतर आम्ही तिला करंजाड्याला आमच्या फ्लॅटवर आणलं. इथं लिफ्ट आहे, कमोड आहे आणि मी आहे. माझा नवरा मिथुन न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात असतो. ट्रेलरच्या रांगेत अडकला की घरी कधी पोचेल ते त्याचं त्यालाही सांगता येत नाही. म्हणजे आय माझ्याच वाट्याला.

व्यायाम करून घ्यायला सई नावाची फिजिओथेरपिस्ट यायची. गोड पोरगी, पण कडक. तिच्यासमोर आय वॉकर धरून पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत झकास चालायची. जाता जाता माझ्या डब्यांची झाकणं उघडून नाकही मुरडायची. फ्लॅटचं दार उघडलं की मात्र तोंड वाकडं. "दुखतंय गो. आज नको." रोज तेच.

एकदा सईनं मला बाजूला घेतलं. "हाड जुळलंय, वहिनी. आता आजींना बाहेर काढा. खाली उतरू देत, उन्हात बसू देत, चार माणसांत जाऊ देत. अशाच खोलीत राहिल्या तर पायातली ताकद जाईल आणि मग खरंच अंथरुणाला खिळतील."

आधीच तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडायची. बाजारातल्या बायका भेटायला येतो म्हणाल्या की मला सांगायची, "झोपलीय म्हण." एवढी बडबडी बाई दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. ती अशीच विझून जाईल, या भीतीनं मला हातातलं काम सुचायचं नाही.

सगळे उपाय झाले. मिथुननं समजावलं. नणंद भावना कामोठ्याहून येऊन रडून गेली. रडणं तिला छान जमतं. खाली पापलेटवाली आलीय, अशी थापसुद्धा मी मारली. आय म्हणाली, "सोसायटीत पापलेट? जल्ला तुजा खोटेपणा!"

शेवटी एका रविवारी माझं डोकं फिरलं. दार सताड उघडं, वॉकर उंबऱ्याशी आणि ही पुन्हा मागे वळायला लागली.

"आय, तुमाला जन्मभर खाटेवर पडून रावायचंय का? तसं सांगा एकदाचं, म्हंजे मी नाद सोडतंय."

ती वळता वळता थांबली. मग अंगावरची मॅक्सी चिमटीत धरून तिनं माझ्यासमोर हलवली.

"या झग्यात भायेर जाऊ?"

मी बघतच राहिले. मॅक्सी भावनानं आणल्या होत्या, फुलाफुलांच्या, ऑपरेशननंतर बदलायला सोप्या म्हणून. आणि मी त्या धुऊन, इस्त्री करून रोज तिला चढवत होते.

"अवो, पण ही तर पार घोट्यापर्यंत हाय," मी म्हटलं. "लुगडं तुमी गुडघ्यापर्यंत नेसता. मंग लाज कसली?"

"लाज नाय गो." ती वॉकरवर टेकली. "लुगड्यात मी कंबर कसून असतंय. मागं कास खोचली का पाय आपसूक चालतात. यात मना माजं अंग माजं वाटतच नाय. आजारी बाई दिसतंय मी. बाजारच्या बायांनी मना अशी बगायची?"

मला भरून आलं आणि स्वतःचा रागही आला. एक्स-रे आम्ही सगळ्यांनी उजेडात धरधरून बघितले होते. तिला अंगावर काय हवंय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

कपाटाच्या वरच्या फळीवरून तिची पिशवी काढली. हिरवं लुगडं निवडलं, दार लोटून घेतलं आणि मॅक्सी उतरवून तिला चोळी घातली. आता खरी पंचाईत. मी कोळ्याची पोर, पण लग्नाकार्यात शिवलेलं लुगडं घालणारी. पायजम्यासारखं चढवायचं की झालं. मी कमरेला कशीबशी गाठ मारली, ती सुटली. निऱ्या काढल्या, त्या एका बाजूला गेल्या.

"अगो, मासली बांदतंस का पुडीत? दे इकरं!"

आणि तिनं वॉकर सोडला. दोन्ही हातांनी. लुगड्याची गाठ आवळली, निऱ्या झरझर जमवल्या, पोटाशी खोचल्या, मग मधला काठ मागे घेऊन कास घट्ट मारली. सई तिला एक हात तरी सोडा म्हणून किती विनवायची! मी तिच्या मागे हात पसरून उभी होते. श्वास घ्यायचीही भीती वाटत होती, न जाणो, आपण कशालाही धरलेलं नाही हे तिच्या ध्यानात यायचं.

ध्यानात आलंच. ती जराशी हलली. मी पटकन कमरेला धरलं, तर माझा हात काढून तिनं तो स्वतःच्या हातात घेतला.

"वाकर घे तुज्याकरं. लागला तर मागीन."

दार उघडून तिनं उंबरा ओलांडला. दुखरा पाय आधी टेकला, म्हणून मी घाबरून ओरडले, तर मलाच दटावलं. पॅसेजमधून आम्ही हळूहळू लिफ्टपर्यंत गेलो. माझ्या एका हातात वॉकर, दुसऱ्यात ती. तिची पकड एवढी जोराची होती की माझ्या बांगड्या मनगटात रुतल्या. रुतू देत म्हटलं.

लिफ्टमध्ये मोठा आरसा आहे. तिनं स्वतःला नीट बघितलं, पदर सारखा केला, केस मागे सारले.

"निशा, बारीक झालंय नाय मी?"

"झालात थोड्या."

"भरून निघल," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांना धार लागली होती. लिफ्टचं दार उघडलं, बाहेर लख्ख ऊन होतं आणि समोरच्या बाकावर सोसायटीतल्या दोघी-तिघी बसल्या होत्या. आयनं माझा हात सोडला आणि माझ्याकडून वॉकर ओढून घेतला.

"तू डोले पूस आदी," ती म्हणाली. "मी जातंय फुडं."